तांडेलाचे हात

(पनवेल. उरण नाक्याच्या मासळीबाजाराजवळ, औषधाच्या दुकानावरची समुपदेशनाची एक खोली. तीन खुर्च्या, एक पंखा. जूनमधला बुधवार, सकाळचे अकरा.)

रेवा: आणि मी काहीच ओळखलं नाही, म्हणून तुम्ही उठून गेलात.

काशिराम: उठून गेलू नाय. वेल संपला व्हता. तुमीच घड्याल बगितला.

रेवा: पन्नास मिनिटं या खुर्चीत बसलात. नाव सांगितलंत, कोळीवाड्यातून आलो म्हणालात, बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान आहे म्हणालात. त्यानंतर एक शब्द नाही. मला वाटलं, यांना बोलायचंच नाहीये.

काशिराम: वाट बगत व्हतू.

रेवा: कसली?

काशिराम: तुमी कवा सांगता त्याची. बाई, आमच्यात भगताकडं गेला की मानूस तोंड उघडत नाय. आपला दुखना आपनच सांगला, तर भगताची परीक्षा काय राहिली? त्यो तांदूल टाकतो, दाने बगतो आनि बोलतो, तुझ्या घरात असा असा झालाय. बरोबर निघाला तर त्यो खरा. नाय निघाला तर आपला नारल उचलायचा आनि घरी जायचा.

रेवा: म्हणजे मागच्या बुधवारी मी नापास झाले.

काशिराम: झाल्या. घरी जाऊन कुंदनला बोललू, बाईना कायच येत नाय, निस्त्या बगतात.

रेवा: कुंदन म्हणजे?

काशिराम: पोरगा माझा. त्यानीच मोबाईलवरनं तुमचा नंबर काढला. त्यो हसला. बोलला, बाबा, तिथं आपन सांगायचा असतं, तू उलटाच केलास. आज त्यानीच आनला परत. खाली टेम्पोत बसलाय.

रेवा: चूक तुमची नाही. हे पहिल्या दिवशी मी नीट सांगायला हवं होतं. आज सांगते, मग यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी काही ओळखत नाही. औषध देत नाही, लागेल असं वाटलं तर त्या डॉक्टरांकडे पाठवते. असं करा, तसं करा, हेही सहसा सांगत नाही.

काशिराम: मंग करता काय?

रेवा: ऐकते. विचारते. आणि माणूस बघून पद्धत ठरवते. काहींना आपलेच विचार तपासून बघायला मदत लागते. काहींच्या बाबतीत आधी शरीराकडे बघावं लागतं. श्वास, झोप, हातपाय. काहींचं मागचं काहीतरी राहून गेलेलं असतं. मी एकच पद्धत धरून बसत नाही, दोन-तीन एकत्र वापरते. इंटिग्रेटिव्ह थेरपी म्हणतात त्याला. सोपं सांगायचं तर, तुम्ही पापलेटसाठी एक जाळं नेता, कोळंबीसाठी दुसरं...

काशिराम: तुमाला मासलीचा कोनी सांगला?

रेवा: कोणी नाही. मीच जुळवलं.

काशिराम: एका फेरीला दोन-दोन जाली कोन नेतं? बोटीत जागा कुठं हाय?

रेवा: बरं. मग ते राहू दे.

काशिराम: राहू द्या. पन समजला मना. ज्याला जसा लागू पडंल तसा.

रेवा: हो. साधारण आठ बुधवार धरू. चार झाले की आपण दोघं मिळून बघू, उपयोग होतोय का. होत नसेल तर तुम्ही थांबू शकता, मी वाईट वाटून घेणार नाही. आणि एक आधीच सांगून ठेवते. मधे एखादा आठवडा आधीपेक्षा वाईट जाईल. झोप जाईल, चिडचिड होईल. घाबरून यायचं बंद करू नका.

काशिराम: बाहेर कोनाला कलतं?

रेवा: इथलं बोलणं या दाराबाहेर जात नाही. कुंदनलाही मी सांगणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तेवढ्यापुरतंच बोलावं लागेल.

काशिराम: खाली बाजारात माझी भैन बसते, सुकी मासली घेऊन. कृष्णा. तिला कलता कामा नये मी इथं येताव ते.

रेवा: कळणार नाही. का, ते विचारू?

काशिराम: आज नको.

रेवा: मग आज काय सांगाल?

काशिराम: हात. सुकानाला हात लावला की मुंग्या येतात. आधी डावा, मंग उजवा. मंग हात माझेच नाय असा वाटतं. घरी कायच होत नाय. जाली शिवताव, सुपारी कातरताव, नातवाला उचलताव. निस्ता बोटीवर. इस्पितालात नसा बगितल्या, मनका बगितला, साखर बगितली. सगले कागद साफ. तिथल्या डाक्टरनी सांगला, काका, हे डोक्यातला हाय. मना राग आला व्हता.

रेवा: किती दिवस आहे हे?

काशिराम: दोन वरसा. बोट कुंदन चालवतो. पोरगा बरा हाय, पन दर्या अजून त्याच्या अंगात नाय गेला. आता दोन महिने मासेमारी बंद, बोट वर वढून ठेवलीय. एक ऑगस्टला परत दर्यात जायचा. त्याच्या आत हात मोकले झाले तर मी जाईन. नाय झाले तर संपला.

रेवा: काय संपलं?

काशिराम: मी. तांडेलाला दुसरा काय येतं?

*

रेवा: टाचा जमिनीला लागू द्या. हात मांडीवर. डोळे उघडेच ठेवा. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. आता सुकाणू हातात आहे असं नुसतं मनात आणा.

काशिराम: आनला.

रेवा: हात काय म्हणतायत?

काशिराम: मुंग्या. डाव्यात.

रेवा: तेवढ्यावरच थांबा, पुढे जाऊ नका. समोर काय दिसतंय?

काशिराम: पानी.

रेवा: आणखी?

काशिराम: परभाकर.

रेवा: हे नाव तीन आठवड्यांत आज पहिल्यांदा आलं.

काशिराम: कृष्णेचा नवरा. खालच्या कृष्णेचा. तीस वरसा माझ्या बोटीवर व्हता.

रेवा: सांगायचंय का? आज नाही सांगितलं तरी चालेल.

काशिराम: तुमी इचारा. इचारला की सांगता येतं.

रेवा: केव्हाची गोष्ट?

काशिराम: दोन वरसा झाली. मार्च महिना. सकालची आठ-सव्वाआठची वेल, ऊन चांगला पडलेला. वारा नाय, कायच नाय. आठ मानसा बोटीवर. जालं सोडत व्हते. दोराचा फास परभाकरच्या पायात आला आनि त्याला घेऊन गेला. एवढाच. मी केबिनीत, सुकानावर.

रेवा: मग तुम्ही काय केलंत?

काशिराम: बोट फिरवली. बोट गाडीसारखी वलत नाय, बाई. जालं पान्यात, बोटीखालचा पंखा चालू, जालं पंख्यात गेला तर सगलीच गेली. हलू हलू फिरवली. बाकीचे मागं दोर तोडत व्हते. तवा त्यो वर आला. साठ-सत्तर हात लांब. माझ्याकडं बगला.

रेवा: काही बोलला?

काशिराम: नाय. निस्ता बगला. मंग खाली गेला. परत आला नाय.

रेवा: बाकीच्यांनी पाहिलं?

काशिराम: पडलेला सगल्यांनी बगितला. बुडलेला मी एकट्यानी. दुपारपर्यंत शोधला, दुसऱ्या बोटी बोलावल्या. कायच नाय मिलाला.

रेवा: तो बघत होता तेव्हा तुमचे हात काय करत होते?

काशिराम: सुकान धरून व्हते. तांडेल सुकान सोडत नाय. बापानी पयल्या दिवशी सांगला, बोटीत आग लागली तरी तुझे हात सुकानावर. मी उडी मारली असती तर बाकीच्या सहा जनांचा काय?

रेवा: तरी सोडायला हवं होतं, असं वाटतं का कधी?

काशिराम: नाय. हेच तर तुमाला कलत नाय कोनाला. डाक्टरपन तसाच बोलला, तुमी सोताला दोष देता. मी नाय देत. उद्या परत तसाच झाला तर परत धरून राहीन. बरोबर केला मी.

रेवा: मान्य. मग हात कशावर अडले असतील?

काशिराम: तुमीच सांगा.

रेवा: मी तांदूळ टाकत नाही, काशिरामदादा.

काशिराम: नाय टाकत. ... धक्क्यावर.

रेवा: धक्क्यावर काय झालं?

काशिराम: बोट लागली तवा कृष्णा पुढं उभी व्हती. बायका तिला धरून. मना बोलली, दादा, तू सोताच्या डोल्यांनी बगितलास? मी बोललू, नाय. पान्यानी लांब नेला. तवाच एक कंटेनरचा जहाज बाहेर चालला व्हता, त्यानी उचलला असंल.

रेवा: जहाज होतं?

काशिराम: जहाजा तिथं रोजच असतात. मना वाटला, आजची रात तरी निघंल तिची. उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ती जेवली. आता कसा सांगू? परवा पन नाय सांगला. मंग दोन वरसा झाली.

रेवा: आणि तिनं धरून ठेवलं.

काशिराम: घट्ट. तिचा आता असा हाय की, त्याला कुठंतरी बाहेरच्या देशात उतरवला असंल, तिथली भाषा येत नसंल, कागद नसतील, म्हनून फोन नाय. जासईला कंटेनरची यार्डं हायत, तिथं जाऊन डायवर लोकांना फोटो दाखवते. ते बिचारे बोलतात, मावशी, आमी निस्ता डबा उचलतो, जहाजावरचा काय कलनार? तरी जाते. मानूस मिलाला नाय तर आमच्यात पिठाचा पुतला करतात, त्याला जालतात, मंग दिवस घालतात. ती करू देत नाय. बोलते, जित्या मानसाला जालता काय?

रेवा: मला तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. मी कृष्णाबाईंकडून मासळी घेते. त्या तुमची बहीण हे मागच्या बुधवारी कळलं, तेव्हा वाटलं तेवढं चालेल. आता चालणार नाही. मी दुसरीकडून घेत जाईन.

काशिराम: नको, नको. ती गिऱ्हाइका धरून असते. दोन आठवडे नाय गेल्या तर शेजारनीला इचारील, बोंबीलवाल्या बाईला काय झाला?

रेवा: मग घेत राहते. पण सोपं नाही ते, एवढं तुम्हाला माहीत असू दे.

काशिराम: आता तुमाला कलंल, माझा कसा होतं.

*

काशिराम: तुमी बोलल्या तसाच झाला. आठवडा घान गेला. कुंदनवर ओरडलू, बायकोवर ओरडलू. तीन दिवस जेवन गेला नाय.

रेवा: सांगितलं होतं. तरी आलात.

काशिराम: सांगला व्हता म्हनून आलू. नायतर आलू नसतो.

रेवा: आज पाचवा बुधवार. मागे ठरवलं होतं, बघायचं उपयोग होतोय का.

काशिराम: परवा कुंदननी मना वर चढवला, किनाऱ्यावरच्या बोटीत. इंजिन बंद, पानी नाय, कायच नाय. सुकानाला हात लावला. श्वास सोडला तुमी सांगला तसा. पयले दोन मिनिटा काय झाला नाय. मंग मुंग्या आल्या.

रेवा: आधी दोन मिनिटं तरी जात होती का?

काशिराम: नाय. लावला की लगेच.

रेवा: म्हणजे काहीतरी हललंय.

काशिराम: दोन मिनिटात बोट धक्क्यावरनं पन सुटत नाय, बाई.

रेवा: खरंय. आज एक वेगळी गोष्ट करून बघू का? ही तिसरी खुर्ची रिकामी आहे. तिथं कृष्णाबाई बसल्यात असं धरा. त्यांना जे सांगायचंय ते खुर्चीला सांगा.

काशिराम: खुर्चीला?

रेवा: विचित्र वाटेल. पण तोंडातून एकदा शब्द बाहेर पडले की काय होतं, ते कळतं.

काशिराम: कृष्णे. ... नाय. नाय होत.

रेवा: घाई नाही.

काशिराम: घाईचा नाय. ही खुर्ची रडनार नाय, शिव्या घालनार नाय. हिला सांगून मी मोकला होईन आनि कृष्णा तिथंच राहील, खाली. एकदा खोटा सांगला, आता खरा पन दुसऱ्यालाच सांगू?

रेवा: मग काय करावंसं वाटतं?

काशिराम: तिलाच आनताव. इथं.

रेवा: थांबा. आधी एक विचारते, राग येऊ देऊ नका. हात बरे व्हावेत म्हणून तिला सांगायचंय, की तिला कळावं म्हणून?

काशिराम: ... दोन्ही.

रेवा: आधी कोणतं?

काशिराम: आधी हात. खोटा कशाला बोलू?

रेवा: आणि सांगूनही हात सुधारले नाहीत तर?

काशिराम: तर मंग कोनासाठी सांगला ते कलंल.

रेवा: तिचं काय होईल, याचा विचार केलाय?

काशिराम: तोच करताव. रात्रभर तोच करताव. ती मना तोडंल. भाऊ म्हनून घरात घेनार नाय. मना भीती वाटते तिची, बाई. दर्याची नाय वाटली कवा तेवढी.

रेवा: घरी सांगावं असं नाही वाटत? तिथं तिची माणसं आहेत.

काशिराम: तिथं नायच. आमच्या घरांना भिंती सामाईक. एका घरात बाई रडली की पाच घरातल्या बायका दारात. तिला काय वाटतं ते तिला कलायच्या आत दहा जनी येतील, हातातल्या बांगड्या उतरवतील, कुंकू पुसतील. दोन वरसा टपलेल्या हायत. तिला आधी एकटीला कलू दे. इथला बाहेर जात नाय, तुमीच बोललात ना?

रेवा: बोलले.

काशिराम: मंग मना तेवढाच पायजे तुमच्याकडनं. दार.

रेवा: त्यांना यायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं. आणि कशासाठी बोलावताय, हे थोडं तरी आधी सांगा. फसवून आणू नका.

काशिराम: सांगीन. परभाकरचा हाय, एवढा सांगीन.

*

कृष्णाबाई: खुर्चीला वास लागंल तुझ्या. पाटीवरनं तशीच उठून आलेय, बाजूवालीला सांगून.

रेवा: लागू दे. बसा. पाणी देऊ?

कृष्णाबाई: नको. तूच का ती? मी दादाला बोलले, कोन डाक्टरीन हाय बगू तरी. तर तू, माझी बोंबीलवाली. महिनाभर माझ्याकडं बगत नव्हतीस. पैसे देताना पन मान खाली. मना वाटला, बोंबील खराब निघाले आनि बोलायला लाजते.

रेवा: बोंबील चांगले होते.

कृष्णाबाई: असनारच. दादा, तू असा का बसलास? हात का धरून ठेवलेस?

काशिराम: कृष्णे, मी सांगनार हाय, तू मधी बोलू नको.

कृष्णाबाई: बोल.

काशिराम: मी तुला धक्क्यावर बोललू, बगितला नाय. मी बगितला व्हता.

कृष्णाबाई: काय बगितलास?

काशिराम: परभाकर वर आला एकदा. माझ्याकडं बगला. मंग गेला खाली. परत आला नाय. जहाज नव्हता. म्हनजे व्हता, पन लांब, खूप लांब. त्यानी कोनाला उचलला नाय.

रेवा: ... काशिरामदादा, थांबा आता. त्यांना वेळ द्या.

काशिराम: कृष्णे, बोल कायतरी.

कृष्णाबाई: काय बोलू? तू दोन वरसा बोलला नाय, मना दोन मिनिटा तरी दे.

रेवा: हवी तेवढी घ्या. दार बंद आहे, बाहेर काही ऐकू जात नाही.

कृष्णाबाई: मी वरडनार नाय, बाय. वरडायचा ते धक्क्यावर झाला. ... जासईला मी किती वेला गेले, म्हायत हाय तुला?

काशिराम: म्हायत हाय.

कृष्णाबाई: दोनदा तूच सोडलास मना. कुंदनच्या टेम्पोतनं. फाटकापाशी उभा राहिलास. मी फोटो दाखवत व्हते आनि तू बगत व्हतास. येताना नाक्यावर चहा पाजलास. बोललास, कृष्णे, धीर धर.

काशिराम: व्हय.

कृष्णाबाई: त्यो बुडाला ते तुझ्या हातात नव्हता. तीस वरसा तुझ्या भरवशावर सोडला, मना म्हायत हाय तू काय करशील आनि काय नाय. उडी का नाय मारली, हे मी कवा इचारनार नाय तुला. पन मना जासईला नेलास, ते तुझ्या हातात व्हता.

काशिराम: व्हय. व्हता.

कृष्णाबाई: मना राग आलाय. आता नाय दिसत, पन येतोय. घरी यायचा नाय तू. मी बोलवीन तवा यायचा.

काशिराम: नाय येनार.

रेवा: कृष्णाबाई, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. आज नको असेल तर राहू दे.

कृष्णाबाई: इचारते. हाक मारली त्यानी?

काशिराम: नाय.

कृष्णाबाई: घाबरला व्हता?

काशिराम: नाय वाटला. तांडेलाकडं बगतात ना, आता काय करू असा इचारल्यासारखे, तसे डोले व्हते.

कृष्णाबाई: खरा सांगतोस की परत माझी रात काढतोस?

काशिराम: खरा.

कृष्णाबाई: किती वाजले व्हते?

काशिराम: सव्वाआठ.

कृष्णाबाई: सव्वाआठला मी हिथंच. बाजारात. कोलंबीवरनं एका बाईशी भांडत व्हते. ... काय खाल्ला व्हता त्यानी?

काशिराम: भाकरी, रातचा कालवन. चहा दोनदा घेतलेला. दुसऱ्यांदा माझ्यातला घेतला.

कृष्णाबाई: घेनारच. घरी पन असाच. आपला संपवून दुसऱ्याच्या कपात बगायचा.

रेवा: थोडं पाणी घ्या.

कृष्णाबाई: दे आता. ... तुझ्याकडं लोक येऊन असाच करतात, बाय? एकमेकांना सांगतात आनि तू पानी देतेस?

रेवा: काही दिवस असेही असतात. बहुतेक दिवस नुसतं बोलणंच.

कृष्णाबाई: तुला म्हायत व्हता हा. मी बोंबील तोलत व्हते तवा.

रेवा: हो. माहीत होतं. मला सांगता येत नव्हतं, आणि त्याचा त्रास झाला.

कृष्णाबाई: झाला असंल. दिसत व्हता. मी कारन दुसरा समजले. ... हात कसे हायत तुझे, दादा? कुंदन बोलला मना, हातासाठी जातोस कुठंतरी म्हनून.

काशिराम: कुंदननी सांगला?

कृष्णाबाई: त्याच्या पोटात काय राहतं? कसे हायत?

काशिराम: ठाऊक नाय. एक तारखेला कलंल.

कृष्णाबाई: बरे झाले तर बोट घेऊन जा. माझ्यासाठी थांबू नको. पन तवा पन घरी यायचा नाय.

रेवा: तुम्हाला पुढं कधी एकटीला यावंसं वाटलं, तर दुसऱ्या कोणाचं नाव आणि नंबर देते. मी यांच्यासोबत काम करते, तेव्हा तुमच्यासाठी दुसरं कोणी असलेलं बरं.

कृष्णाबाई: बगू. आधी मना घरात बसून बगू दे.

काशिराम: कृष्णे, आज संध्याकाली सगल्यांना मी सांगताव. माझ्या तोंडानी. तू गप बस. शिव्या पडतील त्या मना पडतील.

कृष्णाबाई: थांब. हे आतापतूर कोनाकोनाला म्हायत हाय?

काशिराम: मना. आनि या बाईना.

कृष्णाबाई: कुंदनला?

काशिराम: नाय.

कृष्णाबाई: तुझ्या बायकोला?

काशिराम: कोनालाच नाय.

कृष्णाबाई: म्हनजे माझ्यासकट तिघांना. बरा हाय. मंग आज एवढ्यालाच राहू दे. उद्या सांग. उद्या सगल्या येतील, मी नको बोलनार नाय, बांगड्या, कुंकू, काय करायचा ते करतील. पुतला करायचा तो पन करू. तू करशील त्याचा, दुसरा कोन हाय?

काशिराम: आज काय करशील मंग?

कृष्णाबाई: आज पाटी अर्धी भरलेली हाय. बाजूवाली किती वेल बगंल?

काशिराम: आज बाजारात बसशील?

कृष्णाबाई: बसीन. आनि कोनी तुला इचारला, कृष्णा कुठं गेलेली, तर गप राहा, ते तुला जमतं. नायच राहवला तर सांग, परभाकरची बायको हाय बाजारात, आजच्या दिवस.